न मोजलेल्या जखमा



सैन्यात जाऊ पाहणारी मुलं आज आपल्या प्रत्येक गावात आहेत. तेलगाव, धारूर, माजलगावकडच्या रस्त्यांवर पहाटे पळण्याचा सराव करणारी ही मुलं सतरा-अठरा वर्षांची, दहावी-बारावी झालेली असतात. देशावरचं त्यांचं प्रेम खरं असतं. पण त्यासोबत एक हिशेबही असतो आणि तो त्यांच्या आयांना चांगला माहीत असतो. तेलगावला साखर कारखाना असला तरी आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं दरवर्षी मुकादमाची उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो कोयता लेकराच्या हाती येऊ नये असं वाटणाऱ्या आईला वर्दीत महिन्याचा पगार दिसतो आणि गावातली पत दिसते. तिला आपण नावं ठेवणार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की या हिशेबातली एक बाजू तिला कुणी सांगतच नाही. मुलगा धडधाकट शरीराने परत आला तरी मनाने जखमी असू शकतो, आणि त्या जखमेची शुश्रूषा घरातल्या बायकांच्या वाट्याला येते.

युद्ध म्हटलं की आपल्याला गोळी आठवते. सियाचीनवर 1984 पासून आपलं सैन्य आहे, आणि तिथे गोळीपेक्षा थंडी, विरळ हवा आणि हिमकडे यांनीच जास्त जवान नेले. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलडाणा जिल्ह्यातला एक तरुण अग्निवीर तिथे कर्तव्यावर असताना मरण पावला. 1999 च्या कारगिल युद्धात 527 जवान गेले आणि तेराशेच्या वर जखमी झाले, असा सरकारी आकडा आहे. जखमींच्या त्या आकड्यात हात-पाय गमावलेले येतात. शेजारच्या मित्राला मरताना पाहून ज्याची झोप कायमची उडाली, तो त्यात येत नाही.

ही जखम नवी नाही. पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातले 46 जण कामी आले. त्यांचं स्मारक आजही गावात आहे. त्याच युद्धात खंदकांमध्ये तोफांच्या माऱ्याखाली राहिलेले शिपाई थरथर कापू लागले, मुके झाले, काहींना चालता येईना. डॉक्टरांनी या त्रासाला नाव दिलं, पण सेनाधिकाऱ्यांच्या लेखी त्यातले अनेक जण भित्रे आणि कामचुकार ठरले. ब्रिटिश सैन्याने भित्रेपणा, पळून जाणं अशा आरोपांखाली आपल्याच शिपायांना गोळ्या घातल्या. अशा 306 जणांना ब्रिटनने माफी दिली ती 2006 साली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आवाज उठवल्यावर 1980 मध्ये आघातानंतरच्या या मानसिक विकाराची वैद्यकीय यादीत अधिकृत नोंद झाली. म्हणजे हा आजार आहे, नामर्दपणा नाही, हे मान्य व्हायलासुद्धा सैनिकांना स्वतः भांडावं लागलं.

आपल्याकडे ते भांडण अजून सुरूच झालेलं नाही, कारण आपण मुलाला लहानपणापासून शिकवतो की रडतात त्या बायका. भरतीला निघालेल्या मुलाची मिरवणूक निघते, औक्षण होतं. “मला भीती वाटते” हे वाक्य तो कुठे बोलणार? सुट्टीवर आल्यावर मित्र विचारतात, किती मारले? गावातल्या बैठकांमध्ये आयाबाया आडून आडून सांगतात, “लेकरू रातच्याला दचकून उठतंय, पर इचारलं तर काही बोलत नाही.” कुणाचा नवरा फटाक्याच्या आवाजाने खोलीत जाऊन बसतो, कुणाचा दारूशिवाय झोपत नाही, कुणाचा पोरांवर अकारण धावून जातो. घरच्यांच्या लेखी तो तापट झालेला असतो, किंवा त्याला कुणीतरी करणी केलेली असते. आणि सासू सुनेला सांगते, “तूच त्याला सांभाळून घे.”

संरक्षण मंत्रालयाने संसदेत वेळोवेळी दिलेली उत्तरं पाहिली तर 2010 नंतरच्या बऱ्याच वर्षांत एकट्या लष्करातच वर्षाला शंभराच्या आसपास जवानांनी आत्महत्या केल्याचं दिसतं. कारणांमध्ये मानसिक ताण, कर्ज यांच्याबरोबर ‘घरगुती अडचणी’ हा शब्द हमखास असतो. घरगुती म्हणजे काय, मैत्रिणींनो? शेताच्या बांधाचं भांडण, आजारी बाप, न मिळालेली रजा, हे सगळं त्यात येतं. पण गावात त्याचा अर्थ एकच लावला जातो: बायकोने काहीतरी केलं असेल. नवरा गेल्याचं दुःख आणि त्याला मारल्याचा आळ, दोन्ही तिच्याच पदरात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नवऱ्याच्या मनावर घाव आहे म्हणून त्याची मारहाण सोसणं हा बाईचा धर्म नव्हे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा जवानाच्या बायकोलाही लागू आहे. त्याला उपचार मिळावेत आणि तिला संरक्षण मिळावं, या दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात, आणि आपण त्या केल्या पाहिजेत.

जवान गेलाच, तर त्याच्या बायकोच्या दुःखावरही इतरांची मालकी असते. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेने दुसरं लग्न केलं तर पदकाचा भत्ता बंद होत असे. पुढे सवलत मिळाली ती दिराशी लग्न केलं तरच. ही अट नोव्हेंबर 2017 मध्ये निघाली. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यात पती गमावलेल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या तरुण पत्नीने, मुसलमानांचा आणि काश्मिरींचा द्वेष करू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा, असं म्हटलं. त्यावर तिला किती घाणेरड्या शिव्या खाव्या लागल्या ते आपण पाहिलं. विधवेने रडावं, पण लोकांना हवं तेवढंच आणि हवं तसंच.

आता आपल्या मुलांच्या तोंडाशी आलेला प्रश्न. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची, पुढे कायम होणार जास्तीत जास्त पंचवीस टक्के. बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख रुपये देऊन घरी पाठवायचं. योजना जाहीर झाली तेव्हाच्या अटींप्रमाणे त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभही नाही. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं, म्हणजे 2026 संपता संपता त्यांची मुदत भरते. मनाची जखम पुष्कळदा उशिरा वर येते, नोकरी सुटल्यावर, हाताला काम नसताना. बावीस-तेवीस वर्षांचा तो मुलगा तेव्हा कुठल्या दवाखान्यात जाणार? सीमेवर झालेल्या जखमेचा खर्च ऊसतोडीच्या उचलीतून भागवायचा का?

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. नोकरी चार वर्षांची असो की वीस, सेवेत जडलेल्या मानसिक आजारावर जन्मभर मोफत उपचार मिळालेच पाहिजेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग यांनी मिळून तालुक्याच्या गावी नियमित शिबिरं घ्यावीत, आणि त्यात जवानाच्या आईशी व बायकोशी वेगळं, एकांतात बोलावं. सरकारने 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही मोफत सेवा सुरू केली आहे. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला. हा क्रमांक रेशन दुकानात, शाळेत आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक अकॅडमीच्या भिंतीवर लिहिलेला असावा. तो लिहून घेण्याचं काम बचत गटांनी हाती घेतलं तर फार खर्च येणार नाही.

आणि एक काम घरातलं. युद्धाच्या बातम्या लागल्या की टीव्हीसमोर टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये ज्यांची पोरं तिकडे आहेत त्या आया क्वचितच असतात. त्या देवापुढे बसलेल्या असतात. त्यांनी तिथून उठून बोलावं, लढाई लवकर थांबावी असं चारचौघांत म्हणावं, मुलगा सुट्टीवर आला की “किती मारले” हा प्रश्न दारातच अडवावा आणि त्याला विचारावं, तुला झोप लागते का रे? त्याने उत्तर दिलं नाही तरी चालेल. असा प्रश्न विचारणारं माणूस घरात आहे, एवढं त्याला कळू द्या.