शोम्पेनची सात मतं आणि बेटाचा सौदा

19 एप्रिल 2024 ला ग्रेट निकोबार बेटावर शोम्पेन जमातीच्या सात जणांनी मतदान केलं. या जमातीतल्या कुणी मत देण्याची ही पहिलीच वेळ. केंद्र क्रमांक 411, नाव ‘शोम्पेन हट’. फोटो देशभर फिरले आणि आपल्यातल्याही अनेकांनी ‘हीच बाबासाहेबांच्या संविधानाची ताकद’ म्हणत ते पुढे पाठवले. पुढे जानेवारी 2025 मध्ये 19 जारवांना मतदार ओळखपत्रं दिली, त्याचेही फोटो आले.

मित्रांनो, फोटोच्या बाहेर काय आहे तेही बघा.

याच बेटावर सरकार बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि अख्खं शहर उभारणार आहे. सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी जाणार. तेच जंगल शोम्पेनचं घर आहे. स्थानिक आदिवासी परिषदेने 2022 मध्ये आधी संमती दिली. नंतर लक्षात आलं, की त्सुनामीआधी निकोबारी लोक जिथे राहत होते आणि जिथे परत जाऊ मागत आहेत, त्या गावांची जमीनही प्रकल्पात जातेय. परिषदेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लेखी संमती मागे घेतली. प्रकल्प थांबला का? नाही. म्हणजे सात जणांचं मत घ्यायला यंत्रणा जंगलापर्यंत पोहोचते, पण परिषदेने कागदावर दिलेला नकार दिल्लीपर्यंत पोहोचत नाही!

आता हे मत जातं कुठे ते पाहू. अंदमान-निकोबारला विधानसभाच नाही. कलम 240 प्रमाणे राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार, तिथे नियम करतं आणि कारभार नायब राज्यपाल पाहतात. लोकसभेची जागा एक. तीही 1967 पर्यंत नामनियुक्त होती. देशात 1952 साली मतदान झालं, पण या बेटांना स्वतःचा खासदार निवडायला आणखी पंधरा वर्षं लागली. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं, तोही निर्णय दिल्लीचाच.

या एका जागेत आदिवासी किती? 2011 च्या जनगणनेत साडेसात टक्के. शोम्पेन फक्त 229. लक्षद्वीपमध्ये जवळपास सगळी लोकसंख्या अनुसूचित जमातीची, म्हणून ती जागा राखीव आहे. अंदमानची जागा खुली आहे. आणि ग्रेट निकोबारच्या आजच्या आठेक हजारांच्या वस्तीचे साडेतीन लाख करण्याची योजना आहे. 2011 मध्ये संपूर्ण केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्याच 3 लाख 80 हजार होती! उद्या सगळे शोम्पेन रांगेत उभे राहिले तरी या गणितात त्यांचं काय होणार?

कुणी म्हणेल, मताधिकाराला कमी लेखणं हे आंबेडकरी विचाराशी विसंगत आहे. मग 1919 सालची साउथबरो समितीसमोरची साक्ष काढून वाचा. बाबासाहेबांनी तिथे अस्पृश्यांसाठी नुसतं मत मागितलं नव्हतं. मताधिकाराची अट खाली आणा आणि आमचे प्रतिनिधी आमच्या लोकांनाच निवडू द्या, अशा दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या होत्या. बहुसंख्येच्या गर्दीत अल्पसंख्याचं मत बुडतं हे त्यांना तेव्हाच दिसत होतं. पुणे करारात आपण काय गमावलं यावर रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांना निकोबारचा प्रश्न परका वाटू नये.

आणखी एक गोष्ट. सेंटिनेली लोकांना बाहेरचा संपर्क नको आहे. त्यांच्यापर्यंत मतदान यंत्र न नेणं हाच त्यांच्या हक्काचा आदर. शोम्पेनमधलेही अनेक जण बाहेरच्यांपासून लांब राहतात. तेव्हा ‘शंभर टक्के मतदान’ हे लक्ष्य तिथे घेऊन जाऊ नका. ज्याला मत द्यायचंय त्याला केंद्र, होडी, त्याच्या भाषेत बोलणारा माणूस, सगळं मिळालंच पाहिजे. त्याबद्दल वाद नाही.

पण मागणी तिथे थांबवू नका. पाचवी किंवा सहावी अनुसूची या बेटांना लागू नाही. सहाव्या अनुसूचीसारखी स्वायत्त परिषद, जमिनीबाबत तिचा निर्णय बंधनकारक, आणि लोकसंख्या कितीही वाढली तरी त्या परिषदेत निकोबारी आणि शोम्पेन यांचं बहुमत कायम, हे कायद्यात लिहून घ्यावं लागेल. वनहक्क कायदा 2006 पासून आहेच. ग्रामसभेच्या संमतीशिवाय वळवलेलं जंगल हा त्याचा भंग आहे, हे आपल्या संघटनांनी आपल्या ठरावांत घ्यावं. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लावणाऱ्यांनी यावर एक चार पानी पुस्तिका काढली तरी सुरुवात होईल. मजकूर लिहायला मी तयार आहे.