भिंतीच्या भेगा कोण बुजविणार?

वणी तालुक्यातील बौद्ध बंधुभगिनींनो,

सायंकाळी अंगणात खेळणारे मूल रात्री तापाने फणफणते, पहाटे त्यास झटके येतात आणि दुसरा दिवस मावळण्यापूर्वी ते दगावते. ह्यास कोणी देवीचा कोप म्हणतात, कोणी बाहेरची बाधा. पावसाळ्यात विदर्भात अशी मुले दगावतात त्यामागे पुष्कळदा चांदीपुरा नावाचा विषाणू असतो. १९६५ साली नागपूरकडील रुग्णांच्या रक्तात तो सापडला व तेथील एका गावाचे नाव त्यास मिळाले. २००३ साली आपल्या दक्षिणेस, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला. त्यांपैकी १८३ मुले गेली. २०२४ साली गुजरातेत पुन्हा मोठी साथ आली. ह्या रोगावर लस नाही, खास औषधही नाही.

हा विषाणू वाहून नेणारी वालुमाशी डासाहून कितीतरी लहान असते. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती सहज आत शिरते. दिवसा ती मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत दडून राहते. आता सांगा, तालुक्यात अशा भिंती कोणाच्या घरांना आहेत? मूल गेल्यावर फवारणीचे पथक येते, वस्तीत औषध शिंपडते, कागदावर नोंद करते व निघून जाते. भेगा तशाच राहतात. ह्यास आरोग्यव्यवस्था म्हणावयाचे काय?

परंतु सारा दोष सरकारच्या माथी मारून आपणांस सुटता येणार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही झटके येणारे मूल आधी भगताकडे नेले जाते, ही शरमेची गोष्ट आहे. अंगाऱ्यात गेलेली ती रात्रच मुलाच्या जिवाची असते. दुसरी एक अफवा तितकीच घातक आहे : मणक्यातील पाणी काढले की मूल पांगळे होते. ही शुद्ध खोटी गोष्ट होय. ताप, उलट्या, झटके व ग्लानी ही लक्षणे मेंदूच्या आवरणास सूज आली तरी दिसतात. ती सूज जंतूंमुळे असेल तर वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकाने मूल वाचू शकते. आणि जंतू आहेत की नाहीत, हे त्या पाण्याच्या तपासणीवाचून नीट कळत नाही. डॉक्टरांनी विचारले तर नकार देऊ नका. वणीच्या सरकारी रुग्णालयातून चंद्रपूर, यवतमाळ वा नागपूर येथे पाठविले तर घरच्यांची वाट पाहत बसू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

आता मागणीचे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. तेव्हा तुम्ही मागता ती भीक नव्हे. फवारणी मृगापूर्वी व्हावी, मूल गेल्यावर नव्हे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. कुडामातीच्या घरात राहणाऱ्या प्रत्येक पात्र कुटुंबाने ग्रामपंचायतीत घरकुलासाठी लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच शिक्क्यासह घ्यावी. तोंडी आश्वासन घेऊन परतू नका. घरकुल मिळेपर्यंत येत्या रविवारी वस्तीतील तरुणांनी मिळून, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरापासून आरंभ करून, भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात.