काष्टीच्या बाजारातले गणित

दौंड सोडून मनमाडच्या बाजूला निघालेली गाडी भीमेचा पूल ओलांडते, पुणे जिल्हा मागे पडतो आणि पहिलेच स्टेशन लागते ते काष्टी. श्रीगोंदे तालुक्यातले हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी दूरदूरवर ठाऊक आहे. गेल्या एप्रिलात माझ्या एका शिक्षकस्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. हे गृहस्थ जवळच्याच एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना शिकवतात. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते म्हणाले, "चला, तुम्हांला आमचा बाजार दाखवतो."

बाजारात गेलो. बैल, म्हशी, गाई, शेळ्या, आणि त्या सर्वांहून अधिक माणसे! दोन व्यापारी समोरासमोर उभे, हातांवर रुमाल टाकलेला, आणि त्या रुमालाखाली बोटे धरून भाव चाललेला. तोंडाने अवाक्षर नाही. बोटांच्या खुणांनी हजारांचे आणि शेकड्यांचे आकडे वर चढतात, खाली उतरतात, आणि मध्येच एखादा मान हलवतो तेव्हा आपण समजायचे की सौदा मोडला. कागद नाही, पेन्सिल नाही. तरी चूक होत नाही. आपल्याकडे गणित विषय अवघड असल्याची ओरड फार. पण या बाजारात उभे राहिले की वाटते, हा विषय आपल्या लोकांच्या बोटांत आहे. तो पुस्तकात शिरताना कुठे सांडतो, कोण जाणे!

तेथेच शेळी विकायला आलेल्या एका शेतकऱ्याबरोबर त्याची मुलगी होती. पाचवीतली, दोन वेण्या घातलेली. माझे स्नेही म्हणाले, "ही माझ्याच वर्गातली. हिला काहीतरी घाला बघू."

मी तिला एक जुना खेळ सांगितला. कोणताही चार आकडी अंक घे. मात्र चारही आकडे सारखे नकोत. ते आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांड, मग उलटे मांड, आणि वजाबाकी कर. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करायचे. तिने 3524 घेतला. 5432 मधून 2345 गेले, 3087 राहिले. 8730 मधून 378 गेले, 8352. पुढे 8532 मधून 2358 गेले, 6174. आणि 7641 मधून 1467 वजा केले की पुन्हा 6174 च! कोणत्याही अंकापासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामी येता.

हा चमत्कार कोणा परदेशी पंडिताने शोधलेला नाही. तो शोधला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी, 1949 साली. डहाणूला 1905 मध्ये जन्मलेले कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते आणि 1962 साली निवृत्त होईपर्यंत शाळामास्तरच राहिले. आपल्याकडे पुष्कळांनी त्यांच्या या नादाला हसण्यावारी नेले. 1975 साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले आणि आम्ही चहाला गेलो. परत येतो तो ती शेळीची दोरी पायाखाली दाबून मातीत काडीने आकडेमोड करीत बसलेली! म्हणाली, "आजोबा, तीन आकडी घेतला तर सारखं 495 येतं. पाच आकडी घेतल्यावर काय येतं?"

मी थक्क झालो. 495 मी तिला सांगितले नव्हते. उत्तर पटकन काढणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. उत्तर आल्यानंतर जिला स्वस्थ बसवत नाही अशी मुलगी क्वचित भेटते. मी म्हटले, "तूच काढून बघ, आणि मला पत्राने कळव."

तेव्हा तिचे वडील हळूच म्हणाले, "काका, पोरीचं नाव नवोदयच्या यादीत लागलंय. पाठवावी का न्हाई, तेवढं सांगा."

नवोदय विद्यालये ही 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभी राहिलेली केंद्र सरकारची निवासी शाळा-योजना. देशात अगदी पहिल्या दोन निघाल्या, त्यांतली एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. या जिल्ह्याचे विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे आहे. सहावीत 80 मुले घेतात. त्यांतल्या निदान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्न आणि 100 गुण. निम्मे गुण बुद्धिमापनाला, उरलेले अंकगणित आणि भाषा यांना सारखे वाटून. राहणे, जेवण, पुस्तके यांचा खर्च सरकारचा. ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते.

हे सारे ऐकून शहरातला कोणीही गृहस्थ म्हणेल, "यात विचार कसला करायचा? पाठवा!" मीही तेच म्हणणार होतो. पण संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि मुलीच्या आजीने मला गप्प केले. ती म्हणाली, "शिकू नगं असं म्या म्हनत न्हाई. पर धा वर्साचं लेकरू रातच्याला तापानं फणफणलं, तर हाक कुनाला मारायची?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. आपण शहरातली माणसे मुलांना बारावीनंतर बाहेरगावी पाठवतो, तरी स्टेशनवर डोळे पुसतो. मग पाचवीतल्या पोरीची आई पदर तोंडाला लावून बसली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि तरीही पाठवावे असेच मला वाटले. याचे कारण तिच्या गुरुजींनीच बोलून दाखवले. ते म्हणाले, "मला चार इयत्ता एकाच खोलीत सांभाळायच्या असतात. ही पोरगी पुस्तक जूनमध्येच संपवते. तिच्या प्रश्नांना मी 'पुढे शिकशील' असे सांगतो. असे किती दिवस सांगू?" बुद्धी उपाशी राहिली तर ती आरडाओरडा करीत नाही. ती मुकाट्याने झोपी जाते, आणि मग आपण म्हणतो, लहानपणी बरी हुशार होती हो!

शहरातल्या मुलांना ही उपासमार ठाऊक नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञानप्रबोधिनी काढली ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार करूनच. श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली तेथेच भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने 1981 पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालवली आहे. तीत लेखी परीक्षेवर भागत नाही. प्रयोग करून दाखवावा लागतो, प्रकल्प करावा लागतो आणि मुलाखतही द्यावी लागते. हे सारे उत्तम आहे. पण काष्टीच्या वस्तीवरून ते दिसत नाही.

ज्या योजना सर्वदूर पोहोचत होत्या, त्यांची कथा वेगळीच. विज्ञानातल्या हुशार मुलांचा शोध घेण्यासाठी 1963 साली दिल्लीत एक योजना सुरू झाली. दुसऱ्या वर्षी ती देशभर नेऊन 350 शिष्यवृत्त्या ठेवल्या. तीच पुढे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा म्हणून घरोघर माहीत झाली. तिची मंजुरी मार्च 2021 पर्यंतच होती. ती संपली आणि परीक्षा थांबली. सरकारी व अनुदानित शाळांतल्या गरजू मुलांसाठी 2008 साली सुरू झालेली आठवीची आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे. तिचे महिना 1000 रुपये पुष्कळ घरांत वह्या-पुस्तकांपेक्षा मोठे काम करतात. मुलीचे लग्न लांबवतात. पण शिष्यवृत्ती पैसे देते, प्रश्न देत नाही. आणि हुशार मुलाला भाकरीइतकीच प्रश्नांचीही भूक असते.

या भुकेवर इतरांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. हंगेरीत ग्यौर या गावातल्या दानियेल आरान्य नावाच्या शिक्षकाने 1894 साली शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. त्यात उदाहरणे छापायची, मुलांनी उत्तरे टपालाने पाठवायची, आणि चांगले उत्तर मुलाच्या नावासकट पुढच्या अंकात यायचे. त्या छोट्या देशातून विसाव्या शतकात इतके मोठे गणिती निघाले, त्याच्या कारणांत या मासिकाचे नाव आवर्जून घेतात. रशियात कोल्मोगोरोव्ह या थोर गणितज्ञाच्या पुढाकाराने 1963 साली मॉस्कोत बाहेरगावच्या मुलांसाठी निवासी शाळा उघडली. म्हणजे एका परीने आपले नवोदयच! पण दुसरे गणितज्ञ गेलफांद यांनी पुढच्याच वर्षी टपालशाळा काढली. ज्या मुलांना घर सोडता येत नाही, त्यांच्याकडे उदाहरणे टपालाने जात आणि विद्यापीठातले विद्यार्थी त्यांच्या वह्या तपासून परत धाडीत. एखाद्या खेड्यातल्या शिक्षकाने आपल्या चार-सहा मुलांचा गट करून तो एकच विद्यार्थी म्हणून नोंदवला तरी चाले.

काष्टीच्या आजीला मला जे उत्तर देता आले नाही, ते या दुसऱ्या वाटेत थोडेफार आहे. 80 मुले नवोदयात जातील. पण एक्क्याऐंशीव्याचे काय? एका गुणाने ज्याचे नाव हुकले, त्याची बुद्धी त्या एका गुणाने नाहीशी होत नाही. आणि सहावीची ती परीक्षा त्याला पुन्हा देताही येत नाही.

म्हणून या दिवाळीत वाचकांना एक विनंती करतो. आपल्यापैकी किती तरी घरांत निवृत्त अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत, बँकेत जन्मभर आकडे सांभाळलेली माणसे आहेत, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली आहेत. प्रत्येक घराने खेड्यातली एक शाळा धरावी. तिथल्या गुरुजींना विचारून महिन्याला चार चांगली उदाहरणे पाठवावी. पाठ्यपुस्तकातली नव्हेत, विचार करायला लावणारी. आलेली उत्तरे वाचावी, चुकले असेल तेथे उत्तर न सांगता एक खूण करून परत पाठवावी. खर्च तो केवढा? दिवाळीच्या एका फटाक्याच्या माळेएवढाही नाही. गुरुजींवर मात्र उपकार केल्याचा आव आणू नये. कापरेकरही गुरुजीच होते.

आणि ज्यांच्या घरी पाचवीतले मूल कसल्या ना कसल्या परीक्षेला बसते आहे, त्यांना एवढेच सांगणे, की दुसरीपासून शिकवणीचा घाणा लावू नका. घोकलेल्या युक्त्यांनी यादीत नाव लागेलही, पण पुढे सात वर्षे त्या युक्त्या पुरत नाहीत. बाहेर पाठवायचे असेल तर आधी मुलाला घेऊन ती शाळा पाहून या, वसतिगृहाची खोली पाहा, आणि मुलालाही विचारा. त्याने नको म्हटले तर तेही ऐका.

काष्टीची ती मुलगी जूनमध्ये गेली. आजी स्वतः एस.टी.ने पोहोचवायला गेली होती, असे स्नेह्यांनी कळवले. वसतिगृहातल्या बाईंना तिने तोच तापाचा प्रश्न विचारला आणि त्यांचे उत्तर पटल्यावरच ती परत फिरली.

गणपतीत मला एक पोस्टकार्ड आले. मायना, कुशल वगैरे एका ओळीत उरकलेले. पुढे लिहिले होते: "आजोबा, पाच आकड्यांचे एकच उत्तर येत नाही. ते गोल गोल फिरत राहते. मी पुष्कळ अंक घेऊन पाहिले. असे का होते? इथल्या सरांनी सांगितले की आपण दोघे मिळून शोधू."

शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. मग खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी एक ओळ दिसली: "माझा भाऊ तिसरीत आहे. त्यालाही एक उदाहरण पाठवा."

ते मी त्याच दिवशी पाठवले.