कागद राखणारी माणसे

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो, त्याची कीर्ती आता महाराष्ट्राबाहेरही पोचली आहे. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला येणारे भाविक आणि घोडा घ्यायला येणारे शौकीन, दोघांच्या गर्दीने गाव फुलून जाते. घोडा घेणारा माणूस जनावराचे दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे कुठे आहेत तेही बघतो. पण सौदा पटला की शहाणे गिऱ्हाईक आणखी एक गोष्ट मागते, ती म्हणजे पावती. घोडा बोलत नाही. तो कोणाचा, हे उद्या कोणी विचारले तर सांगणार तो कागदच.

बाजारातल्या माणसाला कळणारी ही साधी गोष्ट आपल्या गुन्हे-तपासाच्या व्यवस्थेने मात्र अजून पुरती मनावर घेतलेली नाही.

गर्दीत बाईच्या गळ्यातली पोत तुटून जाते, विहिरीवरची मोटर जाते, गोठ्यातून बैलजोडी जाते. मग माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढतो. तिथे त्याची गाठ प्रथम पडते ती लिहिणाऱ्या माणसाशी. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घेतो. तपास अधिकाऱ्याचा रायटर जबाब उतरवतो. बारनिशीवाला आवक-जावक सांभाळतो. मुद्देमाल कारकून जप्त वस्तूंना चिठ्ठ्या डकवतो, लाखेचे सील शाबूत आहे ना ते बघतो आणि तारखेला ती वस्तू कोर्टात हजर करतो. कोर्टाच्या तारखा आणि साक्षीदार यांचा मेळ घालणारा पैरवीवाला वेगळाच. यातले बहुतेक जण अंगावर खाकी असलेले हवालदार आणि शिपाई. त्यांच्या जोडीला जिल्हा कार्यालयातले लिपिक. चोर पकडला की छायाचित्र साहेबांचे येते, आणि ते गैर नाही. पण खटला उभा राहतो तो या मंडळींच्या रजिस्टरांवर.

गंमत अशी, की आपल्या समाजाने एके काळी लिहिणाऱ्याला फार मोठा मान दिला होता. पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस, हिशेबाचा फड सांभाळणारा फडणीस, फारसी पत्रे पाहणारा पारसनीस, खजिना जपणारा पोतनीस, आणि दफ्तर राखणारा दफ्तरदार. ही सारी कामे. त्यांची आडनावे झाली आणि लोक ती आजही अभिमानाने लावतात. आणि आज? ‘कारकुनी काम’ हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. ठाण्यातही लिहायला बसणे म्हणजे खऱ्या कामातून बाजूला पडणे, अशीच समजूत आढळते. ज्याला आपण खरे काम मानत नाही, त्यासाठी आपण माणूस निवडून घेत नाही, त्याला शिकवत नाही आणि चुकले तर मात्र दोष त्याच्याच माथी मारतो.

या लिहिण्यावर काय अवलंबून असते, ते सारंगखेड्यासारख्या भागात विशेष कळते. शहादा तालुक्यातल्या या मुलखात अहिराणी, गुजरी, भिलोरी, पावरी अशा बोली एकमेकींच्या शेजारी नांदतात. समजा, एक आदिवासी बाई फिर्याद द्यायला आली. ती सांगते, ‘गुरे घरी येत होती तेव्हाची गोष्ट.’ कागदावर उतरते, ‘सायंकाळी ६.३० वाजताचे सुमारास.’ ती सांगते, दोघे जण होते, एकाला तिने बाजारात पाहिलेले आहे. कागदावर येते, ‘दोन अनोळखी इसम.’ रायटरच्या मनात काही काळेबेरे नसते. सरकारी मराठीचा एक साचा त्याच्या हाताला बसलेला असतो, ‘यातील फिर्यादी’, ‘वर नमूद’, ‘सदर इसम’, आणि त्या साच्यात जे मावत नाही ते गळून पडते.

दोन-तीन वर्षांनी ती बाई साक्षीला उभी राहते. ती खरे तेच सांगते, की एकाला मी ओळखत होते. आरोपीचे वकील उठतात. ‘हे तुमच्या जबाबात का नाही?’ कायद्याने महत्त्वाची गोष्ट जबाबात नसणे ही विसंगती ठरू शकते. बाई गोंधळते. खोटे बोलल्यासारखा तिचा चेहरा होतो. तिचे खरे बोलणे हरवले ते कोर्टात नव्हे. ते हरवले त्या पहिल्या दिवशी, टेबलाच्या अलीकडून पलीकडे जाताना.

उलट बाजूही तितकीच वाईट. दहा साक्षीदारांचे दहा जबाब शब्दाला शब्द सारखे असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्या कक्षेत नंदुरबार जिल्हा येतो, २०२५ मध्ये अशा नकलून काढलेल्या जबाबांची गंभीर दखल घेतली. पूर्वी हाताने नक्कल करायला निदान कष्ट पडत; संगणकाने ते कष्टही वाचवले. देशभरची पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची योजना केंद्राने २००९ मध्ये मंजूर केली आणि तिचा उपयोग झालेलाच आहे. पण यंत्र ऐकत नाही. ऐकायचे काम अजूनही माणसालाच करावे लागते.

आता मुद्देमालाची गोष्ट. मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. तिथे तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. गहाण सोन्याची पाकिटे अधूनमधून तिसराच अधिकारी येऊन मोजतो. यात कोणाच्या सचोटीविषयी शंका नसते; उलट प्रामाणिक माणसावर उद्या बालंट येऊ नये, म्हणून केलेली ही सोय आहे. ठाण्यातल्या मुद्देमालाची मदार मात्र बहुधा एका हवालदारावर असते. त्याची बदली झाली की नव्या माणसाने जुन्या रजिस्टरशी शेकडो वस्तू ताडून ताबा घ्यायचा, आणि तोही बंदोबस्ताची ड्यूटी सांभाळून.

यातून काय होते, हे आपल्या शेजारच्या गुजरातेतील एका प्रकरणाने दाखवले. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या नावाने ते ओळखले जाते. ठाण्यात जमा असलेल्या मौल्यवान वस्तू बदलून तिथे नकली वस्तू ठेवल्या, जमा रकमेचा अपहार केला, असे आरोप खुद्द पोलिसांवर होते. १ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात सांगितले, की जप्त वस्तू पंधरा दिवस ते एक महिना यापेक्षा जास्त काळ ठाण्यात पडून राहू नयेत. नीट पंचनामा करावा, छायाचित्रे काढावीत आणि वस्तू योग्य माणसाला परत द्यावी. आज ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या मोटारसायकली पाहिल्या, की त्या निकालाची आठवण येते. एखाद्या बाईची पोत चोराकडून परत मिळालेली असते आणि तरी ती तिच्या गळ्यात येत नाही. चोराने नेली ती एकदाच. कागदाने अडवली ती कित्येक वर्षे.

तिसरी गोष्ट मुदतीची. आरोपी कोठडीत असताना गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. उदय मोहनलाल आचार्य या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हा हक्क ठामपणे मान्य केला, आणि ते योग्यच आहे. कोणालाही तपासाविना डांबून ठेवता कामा नये. पण साठावा दिवस कधी उजाडतो याची वही कोणाकडे आहे? प्रयोगशाळेचा अहवाल आला का, पंचांच्या सह्या आहेत का, प्रती किती काढायच्या, हे पाहणारा माणूस तीन दिवस यात्रेच्या बंदोबस्तावर गेला असेल तर?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिने या टेबलावरचे काम कितीतरी वाढवले आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे, तपास कुठवर आला हे फिर्यादीला वा पीडिताला नव्वद दिवसांत कळवायचे. कोर्टापुढे आलेल्या मुद्देमालाची यादी चौदा दिवसांत करून त्याची लवकर विल्हेवाट लावायची. या तरतुदी चांगल्या आहेत. फिर्यादीला पूर्वी दुरून तारखा मोजाव्या लागत. आता कळवण्याची जबाबदारी सरकारवर आली. पण कायदा दिल्लीत लिहिला तरी तो पाळला जातो तो टेबलावर, आणि त्या टेबलावरचे हात तेवढेच आहेत.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो पोकळ नाही. पोलिसांची संख्या आधीच अपुरी; त्यातून आणखी माणसे लिहायला बसवली तर गस्त कोण घालणार? माझे म्हणणे नेमके उलट आहे. गस्तीसाठी घेतलेला, धावण्याची परीक्षा देऊन आलेला शिपाई आज रजिस्टरात अडकला आहे. आवक-जावक, मुद्देमालाचा हिशेब, मुदतीची वही, प्रती काढणे ही कामे प्रशिक्षित मुलकी कर्मचाऱ्यांकडे द्या. मग शिपाई रस्त्यावर येईल आणि कागदही नीट राहील. गोपनीयतेची भीती घालू नये. बँकांत लाखो लोकांची गुपिते कारकुनांनीच जपलेली आहेत.

मुद्देमालाला दोन किल्ल्या असाव्यात आणि वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाने तो मोजावा. जबाब लिहिणाऱ्याला त्या मुलखातली बोली यावी; येत नसेल तर ती जाणणारा माणूस शेजारी बसावा. बोलणाऱ्याचे शब्द शक्यतो बोलणाऱ्याचेच राहावेत. याला फार मोठा खर्च लागत नाही. हे काम मोलाचे आहे, एवढे मान्य करावे लागते.

वाचकांनीही एक करावे. फिर्याद लिहून झाली की ती वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची प्रत फुकट मिळणे हा आपला हक्क आहे. संकोच न करता ती पूर्ण ऐकावी. आपण सांगितले ते त्यात नसेल तर ‘हे राहिले, एवढे घाला,’ असे नम्रपणे पण ठामपणे म्हणावे आणि मगच सही करावी. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी निरक्षर आजीबरोबर ठाण्यात जावे ते एवढ्यासाठीच. आणि समोरच्या हवालदाराने दुसऱ्यांदा कागद हाती घेऊन ओळ दुरुस्त केली, तर त्याचे आभार मानावेत. त्या एका ओळीवर उद्या कोणाची तरी साक्ष उभी राहणार असते.