स्टँपवरची फारकत आणि अपंगांचे अनुदान



नातेपुते, माळशिरस, सदाशिवनगर ह्या परिसरात नवरा-बायकोचे पटेनासे झाले म्हणजे दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे एकत्र बसतात. पाचशे रुपयांचा स्टँप पेपर आणला जातो. टायपिंगवाला आपल्यापाशी असलेल्या जुन्या नमुन्यातून मजकूर काढून देतो. आजपासून उभयतांचा संबंध संपला, पोटगीबद्दल लिहून देणारीची काही तक्रार नाही, इतकाच त्याचा सारांश असतो. नोटरीचा शिक्का उमटतो, दोन साक्षीदार सह्या करतात आणि फारकत झाली असे मानून मंडळी आपापल्या गावी जातात. ही पद्धत आपल्याच समाजात आहे असे नव्हे. परंतु ज्या घरात एखादे माणूस अपंग आहे त्या घरास ती किती महाग पडते, हे आपल्या कुटुंबांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. म्हणून आजचा हा लेख.

प्रथम कायदा. हिंदू विवाह कायदा, १९५५, बौद्धांना लागू आहे; त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा नाव घेऊन उल्लेख केलेला आहे. धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाला कायद्याचे हे नाव खटकते. आम्हांसही खटकते. तथापि स्त्रीला न्यायालयातून घटस्फोट व पोटगी मागता यावी ही तरतूद ज्या हिंदू कोड बिलात होती, ते रखडले म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागील हे एक मोठे कारण होते. तेव्हा नावावर रुसून आतला हक्क टाकून देण्यात शहाणपण नाही. ह्या कायद्याप्रमाणे विवाह न्यायालयाच्या हुकुमानेच तुटतो. रूढीप्रमाणे होणाऱ्या काडीमोडीस कलम २९ मध्ये वाव ठेवलेला आहे हे खरे. परंतु ती रूढी जुनी, अखंड आणि निश्चित होती हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. ज्यांनी जात सोडली, जातीची पंचायत सोडली आणि विवाहही बौद्ध पद्धतीने लावला, त्यांनी संसार मोडताना मात्र त्याच पंचायतीच्या रूढीचा आधार घ्यावा, हे आम्हांस विसंगत वाटते.

एक गैरसमज येथेच दूर करतो. पतिपत्नींपैकी एकाने धम्म स्वीकारला आणि दुसऱ्याने स्वीकारला नाही, एवढ्यावरून घटस्फोट मिळतो असे काहीजण सांगत फिरतात. कलम १३ मधील धर्मांतराचे कारण ह्या कायद्याच्या 'हिंदू' व्याख्येबाहेर जाणाऱ्यास लागू पडते. बौद्ध हे त्या व्याख्येच्या आतच धरलेले आहेत. तसेच अपंगत्व हेही स्वतः घटस्फोटाचे कारण नाही. पाय गेला, दृष्टी गेली म्हणून कोणासही सोडचिठ्ठी मागता येत नाही. तीव्र मानसिक विकाराचे कारण कायद्यात आहे, पण त्याची कसोटी कठीण आहे. आणि कुष्ठरोगाचे कारण तर २०१९ च्या दुरुस्तीने काढूनच टाकण्यात आले.

आता अनुदानाकडे वळू. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे, आणि आपल्या तालुक्यापुरते तिचे काम माळशिरसच्या तहसील कार्यालयात चालते. पासष्ट वर्षांच्या आतील निराधार माणसे, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित स्त्रिया आणि सर्व प्रकारचे अपंग ह्यांना तिचा लाभ मिळतो. (सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' हा शब्द आहे, अर्जात तोच लिहावा. शब्द गोड झाल्याने पेन्शन वेळेवर येऊ लागली असती तर आम्हीही तो आनंदाने वापरला असता.) २०२३ पासून सर्वांना सरसकट दरमहा १५०० रुपये मिळत होते. वस्तुतः दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, ह्याच्या कलम २४ ने अपंगांचे साहाय्य इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्के अधिक असावे असे बजावलेले होते. शासनास ते मनावर घेण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला. तेव्हापासून अपंगांना २५०० रुपये मिळतात.

घटस्फोटाने हे अनुदान बंद पडते काय? आम्हांस सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर असे की, अपंगाचे अनुदान त्याच्या अपंगत्वावर आणि त्याच्या कुटुंबाच्या उत्पन्नावर अवलंबून असते. विवाह मोडल्याने पहिली गोष्ट बदलत नाही. दाखल्यावरील टक्के तेवढेच राहतात. बदलते ती दुसरी. कुटुंब कोणते आणि त्याचे उत्पन्न किती, हे नव्याने ठरते. कोणाच्या बाबतीत ह्यामुळे हक्क नव्याने निर्माण होतो. पती नोकरीत असल्याने जिचा अर्ज आजवर नामंजूर होत होता, ती अपंग भगिनी विभक्त झाल्यावर स्वतःच्या उत्पन्नावर अर्ज करू शकते. उलट ती माहेरी भावाच्या शिधापत्रिकेत नाव घालून राहिली, तर कार्यालय भावाची कमाई तिच्या नावावर मोजू लागते. म्हणून तिची शिधापत्रिका स्वतंत्र असणे अगत्याचे आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची सारी इमारत त्या कागदावर उभी राहते.

पण कुटुंब बदलले हे दाखवायचे कशाने? येथेच स्टँपवरची फारकत घात करते. तहसील कार्यालयात ती घटस्फोटाचा पुरावा म्हणून चालत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा मागितला जातो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती स्त्री अद्याप पत्नीच, आणि पतीचे उत्पन्न तिच्या कुटुंबाचे. दुसरीकडे ती पोटगी मागण्यास गेली तर पतीचा वकील तोच कागद पुढे करतो. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. त्यात परस्परसंमतीने वेगळी राहणारी पत्नी पोटगीस पात्र नाही असे उपकलम आहे. पोटगी सोडून दिल्याची अट न्यायालये बहुधा मानीत नाहीत, परंतु ती मोडून काढण्यासाठी वर्ष-दोन वर्षे खेटे घालावे लागतात. अशा रीतीने एकच कागद तिला तहसीलात पत्नी ठरवतो आणि कोर्टात परकी ठरवतो.

ह्या पेचात असलेल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे की, योजनेत घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या स्त्रियांचाही समावेश आहे. अंतिम निकालापर्यंत थांबण्याचे कारण नाही. दाखल प्रकरणाची प्रत जोडून अर्ज करता येतो. आणि स्त्री अपंगही असेल व घटस्फोटितही असेल, तर तिने अर्ज अपंग म्हणूनच करावा. कार्यालयातील माणूस सवयीने तिला 'घटस्फोटित' ह्या रकान्यात बसवतो आणि दरमहा हजार रुपये तेथल्या तेथे बुडतात. शिवाय घटस्फोटितेस उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपयांची, तर अपंगास ५०,००० ची आहे. आणि घटस्फोटितेची पात्रता पुनर्विवाहाने संपते, अपंगाची तेवढ्याने संपत नाही, मात्र नव्या जोडीदाराचे उत्पन्न मोजले जाते. लाडकी बहीण योजनेचे १५०० ह्यावर मिळतील अशी आशा कोणी लावली असल्यास ती सोडावी. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून दरमहा १५०० वा अधिक मिळत असल्यास तो लाभ नाही.

आता पोटगीचा हिशेब. तो आम्ही मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण तडजोडीच्या वेळी कोणीच तो करीत नाही. घटस्फोटित स्त्रीला पोटगी मिळत नसेल, किंवा योजनेच्या मर्यादेपेक्षा कमी मिळत असेल, तरच ती पात्र. २१,००० ला बाराने भागा, महिना १७५० येतो. म्हणजे न्यायालयाने दोन हजारांची पोटगी दिली की ती शासनाच्या लेखी निराधार उरली नाही! दोन हजारांत नातेपुत्यात काय मिळते, खोलीचे भाडे तरी निघते काय, हे मर्यादा ठरविणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे. अपंगाच्या बाबतीत मर्यादा महिना ४१६६ रुपयांच्या आसपास पडते. दुसरे उत्पन्न काहीच नाही असे धरा. तीन हजारांची पोटगी आणि २५०० चे अनुदान मिळून ५५०० होतात. पाच हजारांची पोटगी ठरली तर अनुदान धोक्यात येऊन हाती पाच हजारच राहतात. ह्याचा अर्थ पोटगी कमी मागावी असा कोणी करू नये. पतीची ऐपत पंधरा हजारांची असेल तर पंधराच मागावेत. परंतु ज्याची ऐपतच चार-पाच हजारांची आहे, त्याच्याशी तडजोड करताना हा हिशेब वकिलापुढे ठेवावा, आणि मुलांचा खर्च मुलांच्या नावे, औषधपाण्याचा खर्च त्याच्या नावे, असा हुकुमात वेगवेगळा नमूद करून घ्यावा.

आणखी एक अन्याय सर्रास घडतो. हुकूम पाच हजारांचा होतो, पती एक पैसा देत नाही, आणि तहसीलात मात्र हुकुमातला आकडा तिचे उत्पन्न म्हणून लिहिला जातो. आमचे मत असे की, उत्पन्न म्हणजे हाती आलेला पैसा. कागदावरचा आकडा नव्हे. अशा वेळी पोटगी वसुलीच्या अर्जाची प्रत आणि बँकेचे पासबुक जोडून लेखी हरकत घ्यावी. तोंडी बोलण्याला कार्यालयात किंमत नसते.

अपंग पुरुषांचे काय, असे कोणी विचारील. अनुदानाचा नियम त्यांनाही तोच. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ व २५ प्रमाणे पोटगी पतीही मागू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या पतीस कमावती पत्नी सोडून गेली तर त्यालाही दाद आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी ठरविताना जोडीदाराचे वा मुलाचे गंभीर अपंगत्व विचारात घ्यावे असे सांगितले, आणि उभय पक्षांनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले. आणि अपंग मुलाबद्दल बापाची जबाबदारी मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून संपत नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणारा शारीरिक वा मानसिकदृष्ट्या अपंग मुलगा सज्ञान झाल्यावरही कलम १४४ खाली पोटगी मागू शकतो. अविवाहित मुलीसही तो हक्क आहे. फारकतीच्या नमुन्यात मुलांबद्दल 'आईकडे राहतील' ह्या दोन शब्दांपलीकडे बहुधा काही नसते.

अमेरिकेत निर्धन अपंगांसाठी १९७४ पासून जी मदत चालते, तीत जोडीदाराचे उत्पन्न अपंगाच्या नावे धरले जाते आणि घटस्फोटानंतर मिळणारी पोटगीही मोजली जाते. त्यामुळे तेथे कित्येक अपंग विवाह नोंदवीतच नाहीत. आपल्याकडे ह्याच धर्तीचा एक सल्ला आता कानी येऊ लागला आहे : उत्पन्न आड येते ना, मग कागदोपत्री घटस्फोट घ्या, राहा एकत्रच. हा सल्ला देणाऱ्या एजंटास दारात उभे करू नका. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल फौजदारी होते व घेतलेली रक्कम परत द्यावी लागते, हा एक भाग. दुसरा भाग त्याहून वाईट आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला की हिंदू वारसा कायदा, १९५६, प्रमाणे पत्नीचा वारसा संपतो. पती नोकरीत असल्यास त्याच्या मागची कुटुंब पेन्शनही जाते. महिना २५०० रुपयांसाठी अपंग पत्नीने घर, जमीन आणि म्हातारपण गमवावे, आणि तेही पतीच्या भरवशावर! तो भरवसा किती दिवसांचा, हे कोणत्या एजंटाने लिहून दिले आहे?

व्यवहारातल्या दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते. त्या खात्याला पतीचा मोबाईल नंबर असेल, किंवा एटीएम कार्ड सासरी राहिले असेल, तर पैसे सरकार पाठवते आणि उचलतो दुसराच. घर सोडल्याच्या आठवड्यात बँकेत जाऊन हे बदलावे. नावाचेही तसेच. अपंगत्वाचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा आणि पासबुकावर तिसरेच, अशा स्थितीत अर्ज अडतो. घटस्फोटानंतर कोणते नाव ठेवायचे हे एकदा ठरवून सर्व कागद त्या नावाचे करून घ्यावेत. एकच कागद बदलून बाकीचे तसेच ठेवू नयेत. माहेर फलटणकडचे असेल तर तालुका आणि जिल्हा दोन्ही बदलतात. माळशिरसला लेखी कळवून नव्या तहसीलात नोंद करून घ्यावी. दोन ठिकाणी नाव राहिले तर पुढे वसुली निघते.

वकिलाच्या फीची भीती घालून कित्येकांना नोटरीकडे नेले जाते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जातींचे लोक आणि अपंग ह्या तिघांनाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा कायम आहे, हे निराळे सांगावयास नको. त्यासाठी माळशिरसच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. सोबत अपंगत्वाचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि विवाहाचा जो काही पुरावा असेल तो न्यावा. लग्नपत्रिका व लग्नातला फोटोही चालतो. स्टँपवरची फारकत आधीच करून बसला असाल तर तीही न्यावी, लपवू नये. आणि अर्जाची शिक्का मारलेली पोच हाती पडल्याखेरीज खिडकीपासून हलू नये.