आधी हिशोब, मग अंदाज

पत्त्यांच्या खेळाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी त्याला निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून हिणवतो, तर कोणी त्यातील निष्णात खेळाडूला अंतर्ज्ञानाची देणगी लाभली आहे असे मानतो. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे. न दिसणारे पान ओळखणे हाच या खेळाचा गाभा, मग ते दैवाने ओळखले जावो वा प्रतिभेने, अशी ती समजूत होय. ब्रिजच्या बाबतीत ती खरी नाही. कुशल खेळाडूचे सामर्थ्य अचूक अंदाज करण्यात नसते. अंदाजाची वेळ होईल तितकी पुढे ढकलण्यात आणि साधल्यास ती टाळण्यात असते.

आज खेळल्या जाणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती अमेरिकेतील हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली बसविली. बावन्न पाने चौघांत वाटण्याचे प्रकार पाचावर अठ्ठावीस शून्ये मांडावीत इतके असल्याने पाठांतराचा येथे उपयोग नाही. म्हणूनच एमिल बोरेल यांच्यासारख्या थोर फ्रेंच गणितज्ञाला या खेळात रस वाटला आणि आंद्रे शेराँ यांच्या सहकार्याने त्यांनी १९४० साली ब्रिजच्या गणितावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

बोली जिंकणाऱ्या खेळाडूस डिक्लेरर म्हणतात. त्याच्या भिडूची पाने टेबलावर उघडी मांडली जातात. त्यांना डमी म्हणतात. म्हणजे सव्वीस पाने डिक्लेररला दिसतात व सव्वीस प्रतिपक्षाकडे झाकलेली राहतात. पुढील डावात दक्षिणेचा खेळाडू डिक्लेरर असून बोली तीन बिनहुकमीची आहे. तेरांपैकी नऊ हात त्याने केले पाहिजेत.

उत्तर (डमी): इस्पिक एक्का, ८, ४, बदाम ७, ५, २, चौकट एक्का, राणी, ६, २, किलवर राजा, गुलाम, ४.

दक्षिण: इस्पिक राजा, ६, ५, बदाम एक्का, ८, ६, ४, चौकट राजा, ७, ३, किलवर एक्का, १०, ३.

पश्चिमेने बदाम राजाची उतारी केली. डिक्लेररने तो हात सोडला. पश्चिमेने पुढे बदाम राणी टाकताच पूर्वेने इस्पिकचे पान फेकले, आणि डिक्लेररने एक्क्याने हात घेतला. त्याचे खात्रीचे हात आठ: इस्पिकचे दोन, बदामचा एक, चौकटचे तीन, किलवरचे दोन. नवव्यासाठी दोन वाटा दिसतात. प्रतिपक्षाची चौकटची सहा पाने तीन-तीन वाटली गेली असली, तर डमीतील चौथे चौकट जिंकते. नाही तर किलवरची राणी कोणाकडे आहे हे ओळखून फिनेस करावयाचा. हा फिनेस दोन्ही बाजूंनी करता येतो, आणि हाच सापळा आहे. पूर्वेवर केलेला फिनेस हुकून राणी पश्चिमेस मिळाली, तर तिच्याकडील उरलेले बदाम डाव बुडवितात.

उतावळा खेळाडू येथेच किलवरला हात घालतो. त्याचे यश निम्म्याच्या आसपास. विचारी खेळाडू आधी चौकट खेळतो. सहा पाने तीन-तीन वाटली जाण्याची शक्यता शेकडा ३६ आहे. ती फळली नाही तरी फिनेसची संधी शाबूत राहते, आणि दोन्ही मिळून यशाचे प्रमाण शेकडा ६८ च्या घरात जाते. जी चाल काही गमावीत नाही ती आधी, हा पहिला नियम.

प्रस्तुत डावात तिसऱ्या चौकटला पूर्वेने पुन्हा इस्पिक फेकले. पहिली वाट बंद झाली, पण ज्ञान वाढले. पश्चिमेकडे मुळात पाच बदाम व चार चौकट होत्या. तिची चारच पाने अज्ञात राहिली. पूर्वेकडे एक बदाम व दोन चौकट. तिची दहा पाने अज्ञात. अज्ञात पान कोणाकडे असावे याची शक्यता या मोकळ्या जागांच्या प्रमाणात असते. तेव्हा किलवरची राणी पूर्वेकडे असण्याची शक्यता दहास चार, म्हणजे शेकडा ७१ झाली. पुष्कळ चांगले खेळाडू एवढ्यावर समाधान मानून फिनेस करतील.

त्याहून चांगला खेळाडू मात्र इस्पिकचे राजा व एक्का आधी वाजवून घेतो, कारण फिनेस साधणार असेल तर यात काही बिघडत नाही. दुसऱ्या इस्पिकला पश्चिमेकडे पान नसते. आता चित्र पूर्ण झाले: पश्चिमेकडे एक इस्पिक आणि म्हणून तीन किलवर, पूर्वेकडे सहा इस्पिक आणि चार किलवर. राणी पूर्वेकडे असण्याची शक्यता चारास तीन, म्हणजे शेकडा ५७ वर उतरली. माहिती वाढली आणि भरवसा घटला! ज्याला आपल्या पहिल्या मताचा मोह आहे, तो येथे निराश होईल. परंतु त्याच माहितीने दुसरे एक सत्य उघड केले आहे. पूर्वेच्या हाती आता दोन इस्पिक व चार किलवर यांखेरीज काहीच नाही.

डिक्लेरर तिसरे इस्पिक खेळून पूर्वेला हात देऊन टाकतो. पूर्व इस्पिकचे दोन हात घेते, आणि मग तिला किलवरच खेळावे लागते. दक्षिण लहान पान घालते. पश्चिमेने राणी घातली तर डमीचा राजा तिला मारतो. न घातली तर गुलामच हात करतो. राणी कोठेही असो, किलवरचे तीन हात व एकूण नऊ हात निश्चित झाले. अंदाज करण्याचे ओझे प्रतिपक्षाच्या गळ्यात पडले.

प्रत्येक डाव असा सुटत नाही. पश्चिमेनेही दोन्ही वेळा इस्पिक दिले असते, तर तिसरे इस्पिक तिनेच जिंकण्याचा धोका उरला असता. मग राणी पूर्वेकडे धरून फिनेस करणे हेच योग्य, कारण तेव्हा प्रमाण किमान पाचास दोन असते. तरीही सातांपैकी दोन वेळा तो फसू शकतो, आणि फसला की प्रेक्षक त्याला चुकला म्हणतात. हा न्याय खोटा आहे. निर्णयाची परीक्षा त्या क्षणी उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून व्हावी, नंतर उघड झालेल्या पानावरून नव्हे. रोग्यावर उपचार करणारा वैद्य, पेरणीचा दिवस ठरविणारा शेतकरी, धरणाचे दरवाजे उघडणारा अभियंता या सर्वांना आपण परिणामावरूनच तोलतो, आणि त्यामुळे दैवाने तरलेला निष्काळजीपणा शहाणपण म्हणून मिरवतो.

हे कौशल्य गूढ नाही, याचा पुरावा अलीकडचाच आहे. २०२२ साली पॅरिसमध्ये नूक नावाच्या संगणकप्रणालीने आठ जगज्जेत्यांवर मात केली, आणि ती नेमकी डिक्लेररच्या खेळात; बोलीचा भाग त्या सामन्यात नव्हता. भारतालाही या खेळात २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक मिळवून दिले आहे. असे असता आपल्या शाळांत संभाव्यतेचा धडा नाणे आणि फासे यांपाशीच थांबावा हे उचित नाही. फाशाला स्मृती नसते. त्याच्याकडून पुराव्यानुसार मत बदलण्याची सवय लागत नाही. ब्रिजचा एक डाव फळ्यावर मांडून प्रत्येक पानानंतर प्रमाण पुन्हा काढावयास लावले, तर ती सवय एका तासात लागू लागेल. त्यासाठी पैसा लागत नाही, पैज तर नाहीच नाही; बावन्न पाने आणि हिशोबाची तयारी एवढेच पुरते.