डांबर सोडून डोंगरात

बीडच्या बार्शी रोडवर पहाटे पळणारी भरतीची पोरं पाहिली की वाटतं, यांना एकदा बालाघाटाच्या डोंगरात न्यावं. पोलीस भरतीचे १६०० मीटर सपाटीवर घोटून होतात. मांजरसुंबा-कपिलधारकडची मुरमाड चढण मात्र वेगळंच मागते.

बीडच्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या शेतकरी घरातला अविनाश साबळे सैन्यात गेला, ३००० मीटर स्टीपलचेस पळू लागला. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. दर वेळी लय मोडते, पुन्हा जुळवावी लागते. डोंगरात तर पावलोपावली तेच.

म्हणून किलोमीटरचा हिशेब घरी ठेवा, मिनिटं मोजून पळा. सुरुवातीला अर्धा-पाऊण तास पुरे. खड्या चढाला हात मांडीवर टेकवून चालावं, त्यात कमीपणा नाही. इंग्लंडच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमधले कसलेले धावपटूही तसंच चढतात. खरी परीक्षा उताराची. तिथं टाच रोवून ब्रेक लावला की मुरूम सरकतो, गुडघ्याला हिसका बसतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पावलं आखूड आणि भराभर टाका, नजर चार पावलं पुढं. गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. बाभळीचा काटा तर कुठल्याही बुटाला जुमानत नाही, पायवाट सोडू नका.

एप्रिल-मेच्या उन्हात हे धाडस नको. पाऊस ओसरला की सुरू करा, सोबतीला कुणी घ्या, पाणी घ्या, आणि वाट गुराख्याला विचारा.